ऑपरेशन झालं, तरी मोती लंगडतोच!

दोस्तांनो, आधी एक सोपं कोडं. तुमच्या घरी किंवा गल्लीत कुत्रा असेल, तर त्याच्या मागच्या पायाकडे नीट बघा. (लांबूनच हं! झोपला असेल तर उठवू नका.) आता सांगा पाहू, त्याचा गुडघा कुठे आहे?

पायाच्या मधोमध मागच्या बाजूला जो टोकदार कोपरा दिसतो, त्याच्याकडे तुमच्यातल्या बहुतेकांनी बोट दाखवलं असेल. चूक! तो गुडघा नव्हेच, ती आहे टाच. कुत्रा आपल्यासारखा तळपाय टेकवून चालत नाही, बोटांवर चालतो. त्यामुळे त्याची टाच कायम हवेत असते. खरा गुडघा असतो त्याच्याही वर, पोटाजवळ, आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढच्या बाजूला असतो.

आज आपण या लपलेल्या गुडघ्याची गोष्ट वाचणार आहोत. हा गुडघा दुखावला की कुत्रा लंगडतो. डॉक्टर ऑपरेशन करतात. बहुतेक कुत्रे त्यानंतर छान चालू लागतात. पण काही जण महिने उलटले तरी लंगडतच राहतात. तेव्हा घरातली मंडळी म्हणतात, "जाऊ दे, त्याच्या नशिबातच आहे." खरंच नशिबात असतं का? की त्यामागे शोधून काढता येईल असं काही कारण असतं?

गुडघ्यातली फुली

समजा, वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी मेघेत तुमचं घर आहे आणि तुमच्याकडे मोती नावाचा कुत्रा आहे. मोतीच्या गुडघ्यात वर मांडीचं हाड आणि खाली नडगीचं हाड असतं. पुढच्या बाजूला छोटीशी वाटी असते. दोन्ही हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. उडी मारल्यावर हाडावर हाड आदळू नये म्हणून निसर्गाने घातलेल्या या गाद्याच समजा.

ही हाडं जागेवर कशी राहतात? त्यांना बांधून ठेवणारे मजबूत पट्टे असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना अस्थिबंध म्हणतात, डॉक्टर म्हणतात लिगामेंट. गुडघ्याच्या आत असे दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात, अगदी गणितातल्या फुलीसारखे. त्यांतला पुढचा अस्थिबंध नडगीला पुढे घसरू देत नाही. आपल्या गोष्टीतला खरा नायक तोच.

माणसाच्या गुडघ्यातही हाच अस्थिबंध असतो. फुटबॉल किंवा कबड्डी खेळताना पाय अडकून शरीर गर्रकन वळलं, की तो फाटू शकतो. माणसात तो बहुधा अशा अचानक झालेल्या दुखापतीने तुटतो. कुत्र्यात मात्र तो बहुतेक वेळा हळूहळू झिजतो. जुन्या दोरखंडाचा एकेक धागा उसवत जावा तसा! मग एखाद्या दिवशी मांजरामागे धावताना किंवा ओट्यावरून उडी मारताना उरलेले धागेही तुटतात. लॅब्राडॉर आणि रॉटवायलरसारख्या जातींत हे जास्त दिसतं. ज्या कुत्र्याचं वजन वाढलेलं आहे, त्याला धोका अधिक.

करून पाहा

एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या. त्याची एक बाजू उचलून उतार करा. त्यावर एक खेळण्यातली मोटार ठेवा, तिला दोरा बांधा आणि दोऱ्याचं टोक वर धरून ठेवा. मोटार घसरत नाही. आता दोरा सोडा. सुर्रकन खाली!

मोतीच्या गुडघ्यात नेमकं हेच होतं. नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो, त्याला मागच्या बाजूला उतार असतो. बऱ्याच कुत्र्यांत हा उतार २५ अंशांच्या आसपास असतो. माणसात तो त्यापेक्षा बराच कमी असतो. पाय टेकवला की वरचं हाड उतारावरून मागे आणि नडगी पुढे सरकू पाहते. अस्थिबंध म्हणजे तुमच्या हातातला दोरा. तो तुटला की प्रत्येक पावलाला गुडघा घसरतो. मधल्या चकत्या चिरडतात, सांधा सुजतो, दुखतो आणि मोती पाय उचलून धरतो.

पशुवैद्य हे हाताने तपासतात. मांडीचं हाड एका हाताने पक्कं धरायचं आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून बघायची. ती टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली, तर अस्थिबंध तुटला असं समजायचं. दुखणाऱ्या कुत्र्यावर ही तपासणी पुष्कळदा गुंगीचं औषध देऊन करतात. तुम्ही मात्र घरी हा प्रयोग मुळीच करू नका बरं का!

दोरा बदला किंवा उतार बदला

१९५२ साली फिनलंडमध्ये साकी पात्सामा नावाच्या पशुवैद्याने कुत्र्याच्या गुडघ्यातल्या अस्थिबंधांवर मोठा प्रबंध लिहिला. कुत्र्याच्याच मांडीवरच्या पातळ आवरणाची पट्टी कापून तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी ओवायची, अशी त्यांची पद्धत होती.

पुढे आणखी एक सोपी पद्धत आली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने मजबूत नायलॉनचा दोरा बांधायचा. गंमत म्हणजे, मोठे मासे पकडायला वापरतात तसलाच नायलॉन यासाठी वापरला गेला! हा दोरा जन्मभर टिकत नाही. तो काही आठवडे गुडघा धरून ठेवतो. तेवढ्या वेळात सांध्याभोवती चिवट ऊतींचं जाड वेष्टन तयार होतं आणि पुढचं काम ते वेष्टन करतं. लहान कुत्र्यांसाठी ही पद्धत आजही वापरात आहे.

मग अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले पशुवैद्य बार्कले स्लोकम यांना एक वेगळीच कल्पना सुचली. दोऱ्याच्या मागे लागायचंच कशाला? उतारच काढून टाकू या! तुमच्या पुस्तकाची उचललेली बाजू खाली टेकवा आणि बघा. आता दोरा नसला तरी मोटार जागची हलत नाही. स्लोकम यांनी नडगीचा माथा गोलाकार करवतीने कापून किंचित फिरवायचा आणि धातूची प्लेट व स्क्रू लावून तिथेच घट्ट बसवायचा, असं ऑपरेशन तयार केलं. २५ अंशांचा उतार साधारण ५ अंशांवर येतो. याची सविस्तर माहिती त्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केली. आज मोठ्या कुत्र्यांसाठी हे ऑपरेशन जगभर होतं.

मग तो लंगडतो का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे लंगडणं हे अगदी स्वाभाविक आहे. कापलेलं हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. या काळात महत्त्वाचं असतं ते हे, की लंगडणं दर आठवड्याला थोडं थोडं कमी होतंय का?

कमी होतच नसेल, किंवा चांगला चालू लागलेला मोती एके दिवशी अचानक पाय उचलून धरू लागला असेल, तर समजावं की काहीतरी बिनसलंय. काय बिनसलं असेल? पशुवैद्य एखाद्या गुप्तहेरासारखे एकेक संशयित तपासतात.

पहिला संशयित म्हणजे आतली चकती. ऑपरेशनच्या वेळी ती धडधाकट असते, पण नंतर फाटते. तिचा दुमडलेला तुकडा हाडांमध्ये अडकतो, चालताना कधी कधी 'टक्' असा आवाजही येतो. असं असेल तर सांधा पुन्हा उघडून किंवा बारीक दुर्बीण आत घालून फाटलेला तुकडा काढून टाकतात.

दुसरा संशयित, दोरा. वेष्टन तयार होण्याआधीच तो सैल पडला किंवा तुटला, की गुडघा पुन्हा घसरू लागतो. मग नवा दोरा बांधायचा की उतार बदलायचा, हे नव्याने ठरवावं लागतं.

तिसरा संशयित, प्लेट आणि स्क्रू. हाड जुळायच्या आत मोतीने धावाधाव केली, तर स्क्रू ढिले होतात किंवा प्लेट वाकते. कधी उतार हवा तेवढा कमी झालेला नसतो. एक्स-रे काढला की हे दिसतं.

चौथा संशयित डोळ्यांना न दिसणारा, जंतू! ते धातूवर चिकट थर करून राहतात. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केल्या की दुखणं पुन्हा हजर. अशा वेळी हाड जुळलं असेल तर प्लेट काढून टाकणं हाच उपाय. हाड जुळलं की प्लेटचं काम तसंही संपलेलं असतं.

पाचवा संशयित, गुडघ्याचं वळणं. पुढे-मागे घसरणं थांबलेलं असतं, पण पाऊल टाकताना पाय आतल्या बाजूला पिळतो. काहींची गुडघ्याची वाटीच खोबणीतून बाजूला सरकत असते. त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते.

आणि सहावा? सहावा संशयित गुडघ्यात नसतोच! दुखणं खुब्यात असतं, कमरेत असतं, नाहीतर दुसऱ्या पायाच्या गुडघ्यात असतं. एका पायाचा अस्थिबंध झिजून तुटला, तर पुढेमागे दुसऱ्या पायाचाही तुटण्याची शक्यता बरीच असते. गुडघा पुन्हा कापून इथे काय उपयोग?

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड

म्हणूनच शहाणे पशुवैद्य आधी कारण शोधतात, मग चाकू उचलतात. पुन्हा हाताने तपासणी, दोन्ही पायांचे एक्स-रे, जंतूंचा संशय असेल तर सांध्यातलं पाणी काढून त्याची तपासणी, आणि पहिल्या ऑपरेशनचे सगळे कागद. म्हणून आईबाबांना सांगा, पहिले एक्स-रे आणि कागद जपून ठेवा. ते रद्दीत घालू नका!

दुसऱ्यांदा ऑपरेशन करताना जुन्या जखमेची घट्ट ऊती वाटेत येते. आधीच्या स्क्रूंची भोकं हाडात असतात, त्यामुळे नवा स्क्रू कुठे बसवायचा हा प्रश्न पडतो. खर्च होतो तो वेगळाच. आणि पुन्हा आठ-बारा आठवडे सक्तीची विश्रांती! एवढं सगळं करायचं, तर कारण पक्कं माहीत नको?

कधी कधी तपासणीनंतर असंही कळतं, की गुडघा पक्का आहे. फक्त मांडीचे स्नायू बारीक झालेत किंवा सांध्यात जुना संधिवात आहे. अशा मोतीला ऑपरेशन नकोच असतं. त्याला हवा असतो रोजचा बेताचा व्यायाम, वजनावर ताबा आणि पशुवैद्यांनी दिलेलं औषध. ऑपरेशन टळणं हीसुद्धा चांगलीच बातमी की!

उशीर झाला तर?

उशीर हा मोठा शत्रू आहे. प्रसिद्ध उद्योगपती रतन टाटा कुत्र्यांवर जीव लावणारे. त्यांच्या एका कुत्र्याला सांध्याचं ऑपरेशन हवं होतं. त्यासाठी त्यांनी त्याला पार अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेलं. पण तोवर फार उशीर झाला होता. सांधा बदलणं शक्य नव्हतं. तिथल्या डॉक्टरांना तो एकाच स्थितीत कायमचा पक्का करावा लागला. ही आठवण टाटांनी स्वतःच २०२४ साली सांगितली. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटांचं निधन झालं.

सांधा असा पक्का करणं ही शेवटची वाट असते. पाय दुखत नाही, पण गुडघा पुन्हा वाकतही नाही. काही कुत्र्यांचा तर पायच काढावा लागतो. घाबरू नका, तीन पायांवर कुत्रे आश्चर्य वाटावं इतके छान पळतात! तसंही उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. पण ज्याचा पाय वेळेवर तपासून वाचवता येतो, त्याच्यावर ही वेळ का येऊ द्यायची?

आता तुम्ही म्हणाल, मुंबई आम्हाला लांब पडते. खरंय. माणसाचा गुडघा दुखला तर सिंदी मेघेकरांना सावंगी आणि सेवाग्रामची मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. मोतीसाठी आधी वर्ध्यातला पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. अवघड दुखणं असेल तर पाऊणशे किलोमीटरवरचं नागपूर आहे. तिथे सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९५८ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात प्राण्यांचे डॉक्टर घडतात आणि प्राण्यांवर उपचारही होतात. हाडांचं असं ऑपरेशन कुठे होईल, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. "तुम्ही हे ऑपरेशन किती वेळा केलंय?" असं नम्रपणे विचारण्यातही काही गैर नाही.

तुमचं काम काय?

मोती बोलत नाही. "काका, कालपासून इथे टोचतंय," असं तो डॉक्टरांना सांगू शकत नाही. शिवाय दवाखान्यात गेला की घाबरून चार पावलं अगदी सरळ चालतो! मग खरी माहिती कोण देणार? त्याच्याबरोबर रोज खेळणारे तुम्हीच.

एक छोटी नोंदवही करा. तारीख घाला आणि लिहा. सकाळी उठल्यावर जास्त लंगडला की संध्याकाळी? पूर्ण पाय टेकवतो की नुसती बोटं? बसताना दोन्ही पाय नीट मुडपून बसतो, की दुखरा पाय बाजूला काढून ठेवतो? जखम लाल, गरम किंवा ओली दिसते का? आठवड्यातून एकदा बाबांच्या मोबाइलवर त्याच्या चालण्याचं चित्रीकरण करा, एकदा बाजूने, एकदा मागून. ही वही आणि चित्रफीत बघून डॉक्टर नक्की खूश होतील.

ऑपरेशन टिकणार की बिघडणार, हे पुष्कळसं घरात ठरतं. गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे पाय फताडे होऊन घसरतात. तिथे जुनी सतरंजी किंवा स्वच्छ बारदाना अंथरा. पलंगावर, ओट्यावर, जिन्यावर उड्या नकोत. फिरायला नेताना साखळी हवीच, आणि डॉक्टर सांगतील तेवढीच मिनिटं. उन्हाळ्यात आपल्याकडचा रस्ता किती तापतो हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा अगदी पहाटे न्या. दिवाळीत फटाक्यांना घाबरून तो पळत सुटतो, म्हणून त्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत ठेवा. टाके चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली प्लास्टिकची कॉलर दया येऊन काढू नका.

आणि हो, लाडू आणि तुपाची पोळी देऊन त्याचे लाड करू नका! पाव किलोचं जास्तीचं वजनही त्याच्या गुडघ्यालाच उचलावं लागतं. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, म्हणजे वजन योग्य.

दोन गोष्टी तर मुळीच करू नका. आजोबांची गुडघेदुखीची गोळी मोतीला देऊ नका. माणसांना चालणारी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करू शकतात आणि मूत्रपिंडही निकामी करू शकतात. दुसरं म्हणजे, तेल लावून जोरात चोळणं किंवा बांबूच्या काड्या बांधणं नको.

रस्त्यावर लंगडणारा कुत्रा दिसला तर? जवळ जाऊन पायाला हात लावू नका. दुखणारा कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावू शकतो. मोठ्यांना सांगा. वर्ध्यात पिपरी मेघेला पीपल फॉर अ‍ॅनिमल्स या संस्थेचा करुणाश्रम आहे. जखमी प्राण्यांची सेवा तिथे होते. आणि समजा चुकून कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "ऑपरेशन केलं तरी लंगडतोय, आता सोडून द्या त्याला," तर काय उत्तर द्याल? "सोडायचं नाही, शोधायचं!" असंच ना? कारण लंगडणं म्हणजे मोतीचं बोलणं आहे. ते ऐकायचं, वहीत लिहायचं आणि वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. एवढं केलंत, तर तुमचा मोती तुमच्याच बरोबर पुन्हा फाटकापर्यंत धावत येईल!